अंमल कुठवर पोचतो?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ हा संगणकावरचा राज्यकारभाराचा गेम २०२५च्या ४ नोव्हेंबरला बाजारात आला. चौथा भाग २०१३च्या ऑगस्टमधला, म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली. पॅरॅडॉक्स या स्वीडिश कंपनीच्या बार्सिलोनाजवळच्या टिंटो स्टुडिओनं २०२४च्या फेब्रुवारीपासून, गेमचं खरं नाव न सांगता, दर बुधवारी त्यातली एकेक यंत्रणा उलगडून दाखवली. पुढे शुक्रवारी नकाशे यायला लागले, जगभरच्या खेळाडूंनी आपापल्या मुलखातल्या चुका दाखवल्या आणि त्यातल्या बऱ्याच दुरुस्तही झाल्या. नाव जाहीर झालं ते थेट २०२५च्या मे महिन्यात.

नव्या माणसाला या गेमचा पडदा पहिल्यांदा पाहून धडकी भरेल. सगळं एकदम समजून घ्यायची गरज नाही. एक गोष्ट पक्की कळली की बाकीच्या तिच्या आधारानं कळत जातात, आणि ती गोष्ट म्हणजे अंमल. पालघरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती समजायला सोपी आहे.

डाव १ एप्रिल १३३७ला सुरू होतो आणि सुमारे पाचशे वर्षं चालतो. पाळीपाळीनं खेळायचा प्रकार नाही. घड्याळ चालूच असतं, हवं तेव्हा थांबवायचं, हुकूम द्यायचे, पुन्हा सोडायचं. नकाशा हजारो छोट्या ठिकाणांत विभागलेला. प्रत्येक ठिकाणी माणसं मोजलेली आहेत: शेतकरी, कष्टकरी, व्यापारी, धर्मगुरू, सरदार. लढाईला बोलावलेली माणसं याच आकड्यांतून उचलली जातात. ती मेली तर गावात तेवढी माणसं कमी होतात.

आता अंमल. प्रत्येक ठिकाणावर तुमचा अंमल किती, हे शून्य ते शंभरमध्ये दिसतं. राजधानीत तो सर्वांत जास्त. तिथून जसजसं लांब जावं तसतसा तो उतरतो, जसा नळाच्या पाण्याचा दाब शेवटच्या घरापर्यंत जाता जाता उतरतो. डोंगर आणि जंगल तो लवकर खातात, रस्ता तो टिकवतो. नदी आणि किनारा त्याला फार लांब नेतात, पण त्या पाण्यावर तुमचं आरमार फिरत असेल तरच. अंमल कमी म्हणजे कर कमी, फौजेला माणसं कमी. जमीन नकाशावर तुमच्या रंगाची असते, पण तिथला पैसा तुमच्या खजिन्यात येत नाही.

१३३७ साली दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता. त्यानं दहा वर्षांपूर्वी राजधानी देवगिरीला हलवली होती. दख्खनवरचा अंमल दिल्लीहून टिकत नाही हे त्याला कळलं होतं, असंच मला वाटतं. तरीही देवगिरीहून पालघरमधलं जव्हारचं जंगल लांबच. तिथं जयबा मुकणे यांचं राज्य उभं राहिलं होतं, आणि १३४३मध्ये त्यांच्या मुलाला सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली. गेमच्या हिशेबात हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो: जिथं कारकून पाठवून उपयोग नाही तिथं स्थानिक राजाला मांडलिक करून घ्यावं.

पोर्तुगीजांचं गणित उलटं होतं. १५३४मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई मिळाली, १५५९मध्ये दमण आलं. मधली पट्टी, म्हणजे अर्नाळा, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू, ही समुद्रानं एकमेकांशी जोडलेली ठाणी. राजधानी लिस्बनला, म्हणून गोव्यात व्हाइसरॉय आणि उत्तरेच्या मुलखाचा सेनापती वसईत. आत डोंगराकडे अंमल विरत जायचा, तिथं अशेरीसारखा गड धरून ठेवावा लागला.

मराठा सेनानी चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांची हीच साखळी तोडली. १७३७मध्ये ठाणं आणि साष्टी हाती आली, पण वसई उभीच राहिली. मग १७३९च्या जानेवारीत माहीम, तारापूर आणि अशेरी घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्यावर चालून गेले, त्यामुळे तिथून वसईला मदत निघणं अवघड झालं. फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले आणि मे महिन्यात किल्ला पडला. तारापूरचा पडका तट पाहताना मला हा क्रम नेहमी आठवतो. मोठ्या ठाण्याला हात घालण्याआधी त्याला जोडणारी छोटी ठाणी घ्यायची, हे गेमचा कोणताही धडा यापेक्षा स्पष्ट शिकवणार नाही.

सुरुवात करताना दिल्ली घेऊ नका. प्रचंड मुलूख आणि टोकाला नावापुरता अंमल, म्हणजे पहिल्या तासापासून आगी विझवत बसाल. व्यापार संगणकाकडे सोपवता येतो, तो खुशाल सोपवा. किमती कशा ठरतात हे नंतर बघता येईल. पहिल्या दिवशी अंमल दाखवणारा नकाशा उघडा आणि राजधानीपासून रंग कुठे फिका होतो ते नुसतं बघा. तिथं रस्ता हवा, नवं ठाणं हवं की मांडलिक, एवढाच प्रश्न सोडवा.

मी पहिला डाव विजयनगरचा घेणार आहे. १३३६चं राज्य, डाव सुरू होताना जेमतेम वर्षाचं, मुलूख आवाक्यातला. दुसरा पोर्तुगालचा. आफ्रिकेला वळसा घालून वसईपर्यंत यायचं आणि लिस्बनचा अंमल इथं पोचेपर्यंत किती उरतो ते आकड्यात वाचायचं.