आंदुळणें

पाळण्यांतल्या मुलाला झोके देण्याच्या क्रियेस मराठींत एक जुना शब्द आहे : आंदुळणें. शहरांतील घरांतून तो आतां क्वचितच ऐकूं येतो. तेथें पाळणा ‘हलवितात’ किंवा ‘झोके देतात’. ज्यांच्या कानांवर तो पडतो त्यांना तो ‘आंदोलन’ या शुद्ध शब्दाचा खेडवळ अपभ्रंश वाटतो. हा समज बरोबर नाहीं.

संस्कृतांत दोला म्हणजे झोपाळा. ‘आन्दोल’ आणि ‘हिन्दोल’ हे त्याच कुळांतले शब्द. शतकानुशतकें लोकांच्या तोंडीं राहून जे शब्द मराठींत उतरले, त्यांतील दोन स्वरांमधल्या ‘ल’चा बहुधा ‘ळ’ झाला. फलाचें फळ झालें, कमलाचें कमळ, कालाचा काळ. त्याच वाटेनें हिन्दोलाचा हिंदोळा झाला आणि आन्दोलापासून जुन्या मराठीचें ‘आंदोळणें’ निघालें; बोलींत ओकार आखूड होऊन त्याचें ‘आंदुळणें’ झालें. तेव्हां हा ‘ळ’ उच्चाराचा दोष नव्हे. शब्दानें केलेल्या दीर्घ प्रवासाची ती खूण आहे. ‘आंदोलन’ शब्दांतला ‘ल’ जशाचा तसा राहिला, कारण तो शब्द संस्कृत ग्रंथांतून सरळ उचललेला आहे. म्हणजे मराठीच्या घरांत वाढलेला शब्द आंदुळणें हाच होय. आंदोलन हा मागाहून आलेला सन्मान्य पाहुणा.

या पाहुण्याचाहि मूळ अर्थ झोके घेणें हाच. गायनांत तो अजून जिवंत आहे. दरबारी कानड्याचा गांधार एका जागीं ताठ उभा राहत नाहीं. तो संथपणें झुलतो, आणि त्या झुलण्यास गवई आंदोलन म्हणतात. पुढें समाजास हलवून सोडणाऱ्या सामुदायिक प्रयत्नालाहि हेंच नांव मिळालें. गढवालांतील खेडुतांनीं १९७३ सालीं झाडांस मिठी मारून तीं वांचविण्याचा निर्धार केला, तें चिपको आंदोलन याच अर्थानें प्रसिद्ध झालें. ‘चळवळ’ या शब्दाच्या पोटींहि चळणें, म्हणजे हलणेंच, आहे.

असें हें एकाच कुळाचें दुहेरी कार्य : एका शब्दानें मूल निजतें, दुसऱ्यानें समाज जागा होतो. दुसऱ्याचा मान वर्तमानपत्रें राखतात. पहिल्याचा मान राखण्याचें काम घरांवर आहे. पाळण्याची दोरी हातीं घेऊन एखादी आजी ‘बाळाला आंदुळतें’ असें म्हणाली, तर तिला सुधारण्याचें कारण नाहीं. तिचें मराठी शुद्धच आहे.