पाटी एक, पानं दोनशे

फेब्रुवारी 2023मध्ये औरंगाबादचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. मग दुकानांच्या पाट्या, लेटरहेड, रबरी शिक्के असं सगळं एकेक करून बदलणं आलं. रंगाऱ्याला प्रत्येक पाटीपाशी शिडी लावावीच लागते. दोनशे पानांच्या संकेतस्थळात शहराचं नाव असलेली वरची पट्टी प्रत्येक पानावर वेगळी लिहिलेली असेल, तर तिथेही हीच शिडी, आणि एखादं पान हमखास राहून जातं. पण पट्टी एकदाच तयार करून सगळ्या पानांनी ती मागवून घेतली असेल, तर दुरुस्ती एका ओळीची. अशा मागवून वापरायच्या तुकड्याला म्हणतात कंपोनंट.

याच शहरालगतच्या वाळूजकरांना ही कल्पना नवी नाही. बजाजचा कारखाना तिथे 1985 साली सुरू झाला आणि भोवती सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाल्याला अख्खी मोटरसायकल बनवावी लागत नाही. जोडणीची मापं तंतोतंत पाळली की झालं. सॉफ्टवेअरलाही असे तयार सुटे भाग हवेत, हे संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी 1968 सालीच जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत मांडलं होतं. वेबच्या पडद्यावर ही पद्धत घरोघरी पोचली ती फेसबुकने 2013 साली 'रिअ‍ॅक्ट' हे आपलं साधन सर्वांसाठी खुलं केल्यानंतर.

रिअ‍ॅक्टमधला कंपोनंट म्हणजे साधारणपणे एक फंक्शन. बाहेरून माहिती द्यायची, तिला 'प्रॉप्स' म्हणतात. पडद्यावर काय दिसावं ते फंक्शन सांगतं. 'तिकीट काढा' हे शब्द दिले की तिकिटाचं बटण, 'रद्द करा' दिले की रद्द करण्याचं. रंग, कडा, दाबल्यावरची छटा तीच. माहिती बदलली की रिअ‍ॅक्ट जुना आणि नवा आराखडा ताडून पाहतं आणि फरक पडला असेल तेवढाच भाग पडद्यावर बदलतं.

मात्र सुटा भाग सदोष निघाला, तर दोषही प्रत्येक गाडीत जातो. 'औरंगाबाद' पाच अक्षरांचं. 'छत्रपती संभाजीनगर' दहा अक्षरांचं. जुन्या नावाच्या मापाने पट्टीची रुंदी पक्की करून ठेवली असेल, तर नवं नाव कापलं जाणार, आणि तेही दोनशे पानांवर एकदमच.

म्हणून रुंदी मजकुरावर सोडावी. कंपोनंट तयार झाला की त्यात 'पैठण' घालून बघावं, आणि 'छत्रपती संभाजीनगर'ही. दोन्ही नीट बसली, तरच तो पुढे वापरायला द्यावा.