सिग्नलला बंद केलेलं इंजिन आणि बॅटरीची उधारी

पावसाळ्यातली संध्याकाळ, पुण्याचा कर्वे रस्ता, सातवा की आठवा सिग्नल. पेट्रोल वाचवायचं म्हणून मी प्रत्येक तांबड्या दिव्याला इंजिन बंद करत आलो होतो. हिरवा लागला, किल्ली फिरवली आणि गाडीनं नुसतं ‘टक्’ केलं. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. शेवटी दोन रिक्षावाले उतरले, ‘काका, सेकंडला टाका आन् क्लच सोडा’ म्हणत धक्का मारला, तेव्हा गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी वायरमननं निकाल दिला, “सारखं सेल्फ मारून बॅटरी उतरवलीत तुम्ही.”

बॅटरी उतरली होती हे खरं. कारण मात्र त्यानं चुकीचं सांगितलं, आणि ते बहुतेक सगळेच चुकीचं सांगतात.

हिशोब करून बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० ते २०० अँपिअर ओढतो. आकडा ऐकून धडकी भरते, पण गरम इंजिन सेकंदाभरात पकडतं. २०० अँपिअर एक सेकंद म्हणजे जेमतेम ०.०६ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे सेल्फनं घेतला तो चिमूटभर घास. आता त्याआधीचं एक मिनिट पाहा. इंजिन बंद, पण हेडलाइट चालू (हॅलोजनचे दोन दिवे, ११० वॅट), मागचे दिवे चालू, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर चालू, शिवाय किल्ली ऑन असल्यामुळे आतली इलेक्ट्रॉनिक्स जागी. सहज २० अँपिअर होतात. मिनिटभरात ०.३३ अँपिअर-तास, म्हणजे सेल्फच्या पाचसहा पट. दहा सिग्नलांत चार अँपिअर-तास गेले. सिग्नल ते सिग्नल रांगत्या रहदारीत इंजिनाचे फेरे कमी, अल्टरनेटर मंद फिरतो, आणि जी वीज करतो ती दिवे आणि ब्लोअरच खाऊन टाकतात. बॅटरीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. असं आठ दिवस करा, नवव्या दिवशी ‘टक्’.

आता पेट्रोलच्या बाजूनं. छोटं इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. मिनिटाला दहा मिलिलिटर धरू. मिनिटभर बंद ठेवलं की दहा मिलिलिटर वाचले, म्हणजे रुपयाच्या आसपास. पण बॅटरीतली वीज काही आकाशातून पडत नाही, ती पुन्हा पेट्रोल जाळूनच भरावी लागते आणि ही वीज फार महाग असते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाव ते तिसरा हिस्सा कामाला लावतं, पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर त्या हिश्श्यातले आणखी चाळीसेक टक्के उष्णतेत घालवतो. हाती येतं जेमतेम दीड युनिट. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेलं, तेव्हा गाडीतलं एक युनिट ६५-७० रुपयांना पडतं. घरी या दरानं बिल आलं असतं तर आपण वीज कार्यालयावर मोर्चा नेला असता.

या भावानं, दिवे-ब्लोअर चालू ठेवून बंद केलेल्या इंजिनानं वाचवलेल्या दहा मिलिलिटरपैकी चारपाच मिलिलिटर नंतर बॅटरी भरण्यातच जातात. तेच दिवसाउजेडी, ब्लोअर बंद करून इंजिन थांबवलं तर परतफेड एक-दीड मिलिलिटरची. फरक सगळा इथे आहे. आधी ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर बंद करावा, मग किल्ली. हा हीटर एकटाच दीडशे वॅटच्या घरात जातो आणि आपण तो हमखास चालू विसरतो. रात्री भर रस्त्यात दिवे बंद करायचे नाहीत, म्हणून रात्री मी इंजिन लांबच्या सिग्नललाच बंद करतो, तेही बॅटरी भरलेली असेल तरच.

ती भरलेली आहे हे कळायला मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू करण्यापूर्वी मोजावं. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ वर पावच उरली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा छोटा व्होल्टमीटरही मिळतो. माझा नियम असा की सकाळी १२.४ च्या खाली आकडा दिसला, तर त्या दिवशी सिग्नलला इंजिन बंद करायचं नाही. काही नव्या गाड्यांत मात्र अल्टरनेटर संगणकाच्या हुकमानं चालतो. सरळ रस्त्यावर तो पेट्रोल वाचवण्यासाठी मुद्दाम कमी व्होल्ट देतो आणि वेग कमी होताना वाढवतो. तिथे १३ च्या खाली आकडा दिसला म्हणून लगेच वायरमन गाठू नये.

शिशाच्या बॅटरीचा एक हट्ट आहे. रिकामी असताना ती भराभर वीज घेते, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लावते. त्यामुळे घर-ऑफिस-घर अशा वीस मिनिटांच्या फेऱ्यांत ती कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ती कायमची लहान होते. आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यावर नेणं किंवा घरच्या चार्जरवर लावणं हा उपाय. दुसरा उपाय विजेच्या दरानं बघितला तर कितीतरी स्वस्त.

खरी फुकट वीज मिळते ती घाटात. खंबाटकी उतरताना कुणीकुणी ॲव्हरेज वाढवायला न्यूट्रल टाकतात. इंजेक्शनच्या गाडीत तो तोट्याचा सौदा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की संगणक पेट्रोल साफ तोडतो, इंजिन चाकं फिरवतात आणि त्याबरोबर अल्टरनेटरही. उतार बॅटरी भरतो, ब्रेकही तापत नाहीत. मारुतीनं २०१५ साली सियाझमध्ये आणलेली एसएचव्हीएस यंत्रणा हीच गोष्ट आणखी नेटानं करते. वेग उतरतानाची ऊर्जा पकडायची आणि सिग्नलला थांबलेलं इंजिन तिच्यावर उठवायचं. अशा आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांची बॅटरीही वेगळ्या जातीची असते. बदलताना स्वस्तातली साधी बसवली तर ती लवकर मरते.

उतारावर इंजिन पूर्ण बंद करणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकची व्हॅक्यूम संपते, पेडल दगडासारखं होतं, इलेक्ट्रिक स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली चुकून मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक. अमेरिकेत थेंबथेंब इंधन वाचवण्याच्या नादातल्या ‘हायपरमायलिंग’वाल्यांत अल्टरनेटरचा पट्टाच काढून घरी चार्ज केलेल्या बॅटरीवर गाडी हाकणारेही आहेत. त्यांची बॅटरी खोलवर उतरायला बनवलेली असते. आपल्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा तासाभरात संपेल, आणि तसं वरचेवर केलं तर बॅटरीही संपेल.

बॅटरी साधारण चारपाच हजारांची. सिग्नलमागे पन्नास ते ऐंशी पैसे वाचतात असं धरलं, तर वर्षभर आधी मेलेली बॅटरी दीडदोन हजार सिग्नलांची कमाई घेऊन जाते. धक्क्यानं निघालेल्या गाडीची ती बॅटरी मला महिन्याभरात बदलावी लागली. आताची चौथ्या पावसाळ्यात आहे. आज सकाळी १२.५ दाखवत होती.