लेखकाची खरी बिदागी

लेखक का लिहितो, हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याची उत्तरेही आपल्याकडे फार पूर्वी दिली गेली आहेत. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्याची सहा प्रयोजने सांगितली : कीर्ती, धन, व्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ लाभणारा परम आनंद आणि प्रियेने गोडीने करावा तसा उपदेश. पुढच्या शतकात हेमचंद्राने ही यादी तीनांवर आणली. धनाला त्याने काट मारली. कारण ते मिळेलच असा भरवसा नाही! आनंद मात्र त्याने ठेवला, आणि तो रसिकाला होतो तसाच कवीलाही होतो, असे स्पष्ट सांगितले.

आपण लेखकाला पाहतो तो बहुधा त्याच्या गळ्यात हार पडल्यावर. त्यामुळे हारासाठीच हा सारा खटाटोप, असे आपल्याला वाटते. पण बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्या. खानदेशातील ही शेतकरी बाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसून किंवा शेतात राबताना ती आपल्या बोलीत ओव्या रची. पुस्तक, मानधन, सभा यांपैकी काहीही तिच्या डोळ्यांपुढे नव्हते. १९५१ साली ती वारली आणि घरच्या माणसांनी टिपून ठेवलेली तिची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली. कीर्ती आली, पण ती घ्यायला कवयित्री उरली नव्हती. तिची बिदागी तिला जात्यापाशीच मिळून गेली होती.

हे केवळ कवितेपुरते खरे नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले ते शिसपेन्सिलीने. कागद सरकारच्या ताब्यात. ते परत मिळतील की नाही याची शाश्वती नव्हती. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१५ साली, सुटकेनंतर. पण अनेक वर्षे मनात घोळणारा विचार सलग मांडून झाल्याचे समाधान कोणत्याही सरकारला जप्त करता आले नसते.

मग हा आनंद असतो तरी कसा? तो सुखासीन खासच नसतो. आरंभी मनात नुसती रुखरुख असते. काहीतरी सांगावयाचे आहे, पण ते काय हे नीट कळत नाही. समजा, एका आईच्या दुःखाविषयी लिहावयाचे आहे. ‘तिला फार दुःख झाले’ असे लिहून पाहावे, तर मन मानत नाही. ते खोडावे, दुसरे लिहावे, तेही खोडावे. अशा खाडाखोडीनंतर एकाएकी वाक्य हाती येते : ‘निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडीत बसली.’ आणि लेखक स्वतःच चकित होतो. ते दुःख कसे होते, हे त्यालाही याच क्षणी कळलेले असते. ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उतरवणे म्हणजे लेखन नव्हे. लिहिता लिहिता ती ठाऊक होणे, हे लेखन. निर्मितीचा आनंद तो हाच.

याचा अर्थ लेखकाने उपाशी राहावे असा नाही. त्यालाही घरभाडे आणि वाण्याचे बिल चुकत नाही. त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. धोका निराळाच आहे. कीर्ती पुढे चालू लागली आणि आनंद मागे राहिला, की लेखक एकदा टाळी मिळवलेले वाक्यच पुन्हा पुन्हा लिहू लागतो. त्याच्या हाती नवे काही लागत नाही आणि म्हणून वाचकाच्याही लागत नाही. हेमचंद्राने आनंद दोघांच्याही पदरात घातला, त्याचे मर्म इथे आहे.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी, कपाटाच्या तळाशी, एखादी अर्धवट भरलेली वही असेल. ती कोण छापणार, या विचाराने ती बंद पडली असेल. छापणाऱ्याचे काम पुढचे आहे. वही पुरी करण्यासाठी त्याच्या होकाराची गरज नाही.