अंतरपाट दूर झाल्यावर

"हा नको. मध्ये अंतरपाट आहे, तुम्ही दोघं एकत्र दिसतच नाही," मी म्हटलं आणि भाचीने तो फोटो बाजूला ठेवला. कोल्हापुरात बहिणीच्या घरी सतरंजीवर लग्नाचे फोटो पसरले होते. त्यातले पंधरा-वीस निवडून ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जाला जोडायचे होते. दोघांचे चेहरे स्पष्ट हवेत, दोन्हीकडची माणसं दिसायला हवीत आणि सगळे एकाच दिवसाचे नकोत. साखरपुडा, लग्न, जेजुरी, विमानतळावरचा निरोप असा क्रम आम्ही लावला. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण उभं आहे ते लिहिलं. 'वधूचे मामा' लिहिताना बहिणीचा हात थांबला. "पाठीशी मामा का उभा राहतो, हे त्यांना कळेल का गं?"

नियमात फोटोंची सक्ती नाही. पण नातं खरं आहे आणि चालू आहे, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर असते. त्यासाठी एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटं, फोनच्या नोंदी, पाठवलेले पैसे असं सगळं लागतं. बहुतेकांना मुलाखतीला बोलावणंही येत नाही. जो अधिकारी निर्णय घेतो तो आपल्याला कधी दिसत नाही आणि आपण त्याला दिसतो ते फक्त कागदांतून.

भाचीचा नवरा लेस्टरमध्ये जन्मलेला, ब्रिटिश नागरिक. आईवडील मूळचे साताऱ्याकडचे. हे आधी सांगायला हवं, कारण पहिला गोंधळ इथेच होतो. पुण्यातला एखादा संगणक अभियंता नोकरीच्या व्हिसावर लंडनला असेल, तर त्याची बायको त्याची आश्रित म्हणून जाते. तो मार्ग निराळा आणि बराच सोपा आहे. मात्र वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करांना ११ मार्च २०२४ पासून नवा अर्ज करून जोडीदार किंवा मुलं नेता येत नाहीत. नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिथे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेली असेल, तर मात्र कौटुंबिक व्हिसाचे नियम लागतात. मी लिहिते आहे ते त्यांच्याबद्दल. एजंटच्या कार्यालयात हा फरक न विचारताच यादी हातात दिली जाते, असं मी पाहिलं आहे.

लग्नाकडे संशयाने पाहण्याची ब्रिटनची सवय जुनी आहे. २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. वय ३५. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं. तेव्हाच्या नियमांनुसार तीन महिन्यांत लग्न करणार असलेल्या वाग्दत्त वधूला आधी व्हिसा घ्यावा लागत नसे, बायकोला मात्र लागे. ही वधू आहे की आधीच बायको आहे, हे ठरवण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य चाचणी करवली. भारतीय स्त्री लग्नाआधी कुमारीच असणार, हे त्यामागचं गृहीतक. बातमी फुटली, भारत सरकारने निषेध केला आणि ती पद्धत बंद झाली. पुढे संशोधक इव्हान स्मिथ आणि मारिनेला मार्मो यांनी सरकारी दप्तरं उघडली, तेव्हा भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा चाचण्या झाल्याचं समोर आलं. हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. ती शिक्षिका माझ्या आईच्या पिढीतली.

त्यानंतर पाळी आली वरांची. १९८०च्या दशकात उपखंडातून येणाऱ्या नवऱ्याला सिद्ध करावं लागे की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नव्हता. नसलेला हेतू सिद्ध कसा करायचा? घरच्यांनी ठरवून दिलेल्या लग्नात तर ते आणखी कठीण. हा नियम जून १९९७ मध्ये गेला. मधल्या काळात, १९८५ साली, तीन स्त्रियांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनला हरवलं. पुरुषाला बायको आणता येते, मग आम्हाला नवरा आणताना निराळा नियम का, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयाने लिंगभेद झाल्याचं मान्य केलं. सरकारने मग समानता आणली ती बायकांसाठीचे नियम नवऱ्यांइतकेच कडक करून.

आताची खरी भिंत पैशाची आहे. ९ जुलै २०१२ पासून ब्रिटनमधल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला किमान १८,६०० पौंड असण्याची अट आली. ११ एप्रिल २०२४ ला ती २९,००० पौंडांवर नेली. ३८,७०० पर्यंत नेण्याची घोषणाही झाली होती, ती थांबली. २९,००० पौंड म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर. तिथे एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दराने आठवड्याला चाळीस तास, वर्षभर खाडा न करता काम केलं तरी पंचवीस हजार आणि वर काही शे पौंड होतात. म्हणजे कायद्यानेच ठरवून दिलेल्या वेतनावर पूर्णवेळ राबणारा माणूस बायकोला घरी आणू शकत नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं. कारखान्यात, दुकानात, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांच्या संसाराला लावलेला हा उंबरठा आहे.

भाचीचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. पगार अटीपेक्षा तीनेक हजारांनी कमी. भाची इथे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, पण तिचा पगार या हिशोबात धरतच नाहीत, कारण तो भारतातला आणि ती नोकरी सोडूनच ती जाणार. सासऱ्यांनी "मी दोघांना पोसतो" असं लिहून दिलं तरी सहसा उपयोग नसतो. बचत दाखवता येते, पण तिचा हिशोब असा: पहिले १६,००० पौंड मोजायचेच नाहीत आणि त्यावर तुटीच्या अडीच पट रक्कम हवी. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटी रुपयांच्या घरात. ही रक्कम सहा महिने आपल्या ताब्यात असायला हवी. आईवडिलांनी भेट दिलेली चालते, कर्जाऊ आणलेली नाही.

त्याने शेवटी शनिवार-रविवारची दुसरी नोकरी धरली. दोन्ही पगार एकत्र धरायचे तर दोन्हीकडे सहा महिने भरावे लागतात. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, त्याच रकमा बँकेच्या उताऱ्यात जमा झालेल्या आणि दोन्ही मालकांची पत्रं, हे तिन्ही एकमेकांशी जुळायला हवं. एक पगार रोखीने हातात घेतला आणि बँकेत भरला नाही, तर तो महिना बुडाला. लग्न मार्गशीर्षात झालं होतं. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षीच्या माघात.

या अटीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झालेला नाही, असंही बजावलं. त्याआधी २०१५ साली इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या अहवालाने अशा घरांना 'स्काइप कुटुंबं' म्हटलं होतं. बाबा किंवा आई फक्त पडद्यावर दिसणारी मुलं सुमारे पंधरा हजार असतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता. तेव्हा अट १८,६०० चीच होती.

कागदांकडे वळते. लग्न लागलं की महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी लगेच करावी. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे नमुना 'ड' भरायचा असतो. त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. नव्वद दिवसांनंतर दंड पडतो. दंडापेक्षा माणसं गोळा करण्याचा व्याप मोठा असतो. आमचे गुरुजी नोंदणीच्या वेळी यात्रेला गेले होते, ते परतेपर्यंत तीन आठवडे गेले. नवरा सुट्टी संपवून परतण्याआधी हे काम उरकायला हवं.

नावांचं दुखणं खास आपलं आहे. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलतात. मग पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. ही तिन्ही एकाच बाईची आहेत, हे परक्या अधिकाऱ्याला आपणहून समजणार नाही. व्हिसासाठी नाव बदलावं लागत नाही. भाचीने बदललं नाही आणि तिच्या फाइलमधला एक मोठा घोळ जन्मालाच आला नाही. मराठीतला जो कागद लागेल त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क असावा लागतो.

क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच होते. छातीचा एक्स-रे काढतात, दाखला सहा महिने चालतो, म्हणून फार आधी करू नये. इंग्रजीची अट नोव्हेंबर २०१० पासून आहे. सुरुवातीला फक्त ऐकणं आणि बोलणं, तेही अगदी प्राथमिक 'ए-वन' पातळीचं. आयईएलटीएस लाइफ स्किल्स या परीक्षेत परीक्षकासमोर दोन उमेदवार एकत्र बसतात आणि एकमेकांशीही बोलतात. इंग्रजी माध्यमातून पदवी असेल तर ब्रिटनच्या एक्टिस संस्थेचा दाखला घेऊन परीक्षा टाळता येते. भाचीने तेच केलं. याआधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो सांगायलाच हवा. लपवलेलं उघड झालं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं.

अर्जाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झालं. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५, पहिल्या व्हिसासाठी एकूण ३,१०५ पौंड. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, शुल्क नाही. अपिलाचा हक्क असतो, परदेशातून २८ दिवसांत. मंजुरी मिळाली तर ३३ महिन्यांची. काम करता येतं, सरकारी आर्थिक मदत मात्र मागता येत नाही. मग ३० महिन्यांची मुदतवाढ, तेव्हा इंग्रजी 'ए-टू' आणि पुन्हा शुल्क, पुन्हा उत्पन्नाचे पुरावे. पाच वर्षांनी कायम वास्तव्य. त्यासाठी 'बी-वन' इंग्रजी आणि ब्रिटनमधल्या जीवनावरची परीक्षा.

या पाच वर्षांत तिचा तिथे राहण्याचा हक्क नवऱ्याशी बांधलेला असतो. मुलीच्या आईवडिलांनी ही गोष्ट डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी. नवरा मारझोड करत असेल, पैसे किंवा पासपोर्ट काढून घेत असेल, तर "घर सोडलंस तर परत पाठवतील" ही धमकी त्याच्या हातात असते. ती पूर्ण खरी नाही. अशा स्त्रीला अत्याचाराच्या कारणावरून स्वतःच्या बळावर कायम वास्तव्य मागता येतं आणि अर्ज चालू असताना काही महिने सरकारी मदतही मिळते. १९७९ साली स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संस्थांच्या लढ्यातून हे मिळालं. माहेरपणाच्या निमित्ताने भारतात आणून बायकोला इथेच टाकून जाणारे नवरेही आहेत. तशा स्त्रीला २०२४ पासून भारतातूनही अर्ज करता येतो. भाचीच्या सासरी असलं काही नाही, माणसं मायेची आहेत. तरीही निघायच्या आदल्या रात्री मी हे सगळं एका कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलं आणि तिला सांगितलं, "पासपोर्ट तुझा, तो तुझ्याच कपाटात राहील."

मुदतवाढीच्या वेळी दोघं एकाच घरी राहतात हेही दाखवावं लागतं, दोघांच्या नावांनी आलेल्या पत्रांवरून. परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने एक फोटो पाठवला. मला वाटलं, स्वयंपाकघर लावलेलं दिसेल. विजेचं बिल होतं, लेस्टरचा पत्ता आणि त्यावर दोघांची नावं. बहिणीने लगेच लिहिलं, "जपून ठेव." भाचीचं उत्तर आलं, "फाइलला लावलं, आई. पहिलंच आहे."