मूठ मोठी की पकड?

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात यात्रांचा हंगाम सुरू झाला, की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. गोडशेवेची दुकाने, रात्रीचा तमाशा आणि दुपारची कुस्त्यांची दंगल. दंगलीचा हिशेब अगदी उघडा असतो. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर सुटतात, मोठ्यांच्या रोख इनामावर. कोणी किती रुपये लावले, हे लाऊडस्पीकरवर नावानिशी पुकारले जाते. कुस्ती चितपट झाली, की ती रक्कम पंचांच्या हातून थेट पैलवानाच्या मुठीत. मधे करार नाही, वकील नाही, दलाल नाही.

याच मुलांच्या हातात आता मोबाइल आहे. त्यावर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात दोघेजण एकमेकांना ठोसे मारतात, लाथा मारतात आणि खाली पाडून गळाही आवळतात. या प्रकाराला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, थोडक्यात एमएमए म्हणतात. शंभराहून अधिक वर्षे पैशाच्या लढतींवर राज्य करणाऱ्या बॉक्सिंगला त्याने गेल्या तीस वर्षांत घाम फोडला. ही भांडणे लास वेगासची, आपल्याला काय त्याचे, असे म्हणता येणार नाही. या खेळात ज्याला कुस्ती येते त्याचे पारडे जड असते आणि कुस्ती तर आपल्या घरची आहे.

मुष्टियोद्धा श्रेष्ठ की मल्ल, हा वाद जुनाच. २६ जून १९७६ रोजी टोकियोत महंमद अली आणि जपानी मल्ल अँटोनियो इनोकी समोरासमोर आले. इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पाठ टेकून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीला ठोसा मारायला समोर माणूसच उभा नव्हता! पंधरा फेऱ्यांनंतर लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक वैतागले आणि अलीचे पाय सुजले. प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर विकायला निघाली ती यूएफसी ही अमेरिकन कंपनी. तिचा पहिला कार्यक्रम १९९३ साली डेन्व्हर येथे झाला. रक्तपाताच्या ओरडीमुळे तिचे दिवाळे निघायची वेळ आली आणि २००१ मध्ये ती अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली. नव्या मालकांनी नियम, वजनगट आणि दूरचित्रवाणी यांची घडी बसवली. तीच कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, तिचा सर्वांत गाजलेला खेळाडू कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या नियमांनी फ्लॉइड मेवेदरशी लढला. दहाव्या फेरीत तो हरला. पण एकट्या अमेरिकेत ४० लाखांहून अधिक ग्राहकांनी पैसे मोजून ती लढत पाहिली. भांडणाऱ्या दोन दुकानांनी मिळून केलेला तो धंदा होता.

दुकान एक की अनेक?

या दोन धंद्यांची रचना मुळातच वेगळी आहे. बॉक्सिंगमध्ये एकाच वजनगटात चार-चार संघटनांचे चार जगज्जेते असू शकतात. सामान्य प्रेक्षकाचा गोंधळ उडतो आणि ज्या लढती व्हाव्यात त्या वर्षानुवर्षे होत नाहीत. एमएमएमध्ये यूएफसी हेच मोठे दुकान. लढत ठरवणारे तेच, पट्टा देणारेही तेच. प्रेक्षकाची चंगळ होते.

पण खेळाडूची? बॉक्सिंगमधला अव्वल मुष्टियोद्धा प्रवर्तकांना एकमेकांविरुद्ध झुंजवून उत्पन्नाचा मोठा वाटा पदरात पाडतो. अमेरिकेत २००० साली अलीच्या नावाने झालेला कायदा त्याला प्रवर्तकांच्या मनमानीपासून काही संरक्षणही देतो. एमएमएला तो कायदा लागू नाही. न्यायालयात पुढे आलेल्या आकड्यांनुसार यूएफसीच्या लढवय्यांना मिळणारा वाटा उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या आसपासच होता. त्यांनी २०१४ मध्ये मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. तडजोड झाली ३७ कोटी ५० लाख डॉलरवर, तीही दहा वर्षांनी. आता यूएफसीची मालक कंपनी सौदी पैशाच्या साथीने बॉक्सिंगच्या धंद्यातही उतरली आहे. एकाच्या हाती दोन्ही दुकाने आली, तर भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको.

आपल्या मातीत

दोन्ही दुकानांनी महाराष्ट्रात पाल टाकून पाहिली. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी मार्च २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम केला. ऑगस्ट २०१७ मध्ये विजेंदर सिंगने वरळीत चीनच्या झुल्पिकारला हरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुस्तीतून पुढे आलेला मुंबईचा भरत खंदारे शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. तो हरला, पण वाट आहे हे पोरांना कळले.

खानदेशला मात्र वेगळी वाट ठाऊक आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव-बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि तो पोलिस उपअधीक्षक झाला. शेतकऱ्याच्या घरात दूध, तूप, बदामाचा खुराक काढून देणाऱ्या बापाला हीच भाषा समजते. मोठे पैसे एकदा मिळाले तर ते संपतात, नोकरी घर उभे करते.

पण कुस्तीचे घर तरी कुठे एकसंध राहिले? नोव्हेंबर २०२३ मध्ये एका गटाच्या स्पर्धेत फुलगाव येथे सिकंदर शेख ‘महाराष्ट्र केसरी’ झाला आणि दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत धाराशिव येथे शिवराज राक्षे. बॉक्सिंगने जी खोड लावून घेतली, तीच इथे दिसते. गदा दोन झाल्या, की प्रत्येकीचे मोल अर्धे होते. संघटकांच्या भांडणात पैलवानाचे वय निघून जाते. अशा वेळी पोराची नजर पिंजऱ्याकडे वळली, तर दोष एकट्या पोराचा कसा?

तेव्हा मुलगा ‘मला एमएमए शिकायचे आहे’ म्हणाला, तर पालकांनी डोळे वटारण्याआधी काही प्रश्न विचारावेत. कुस्तीत डोक्यावर ठोसा बसत नाही. इथे बसतो, सरावातही बसतो. मग डॉक्टर कोण, विमा कोणाचा? दुखापत झाली तर खर्च कोणाच्या माथी? कराराची मुदत किती, आणि तोवर दुसरीकडे लढायला मोकळीक आहे का? वाटा ठरावीक आहे की मालकाच्या मर्जीवर? या प्रश्नांना कागदावर उत्तरे मिळत नसतील, तर कितीही झगमगाट असला तरी सही करू नये.

मूठ मोठी की पकड, याचा निकाल जगाच्या बाजारात लागायचा तेव्हा लागेल. आपल्या यात्रेतल्या दंगलीत रक्कम तुटपुंजी असते, पण कोणी किती लावले आणि पैलवानाला किती मिळाले, हे सगळ्या गावाला ऐकू जाते. कोट्यवधी डॉलरच्या या धंद्याला तेवढा उघडा हिशेब अजून जमलेला नाही.