परातीखालचं ओलं फडकं

लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत घरोघरी जाऊन व्यवसायोपचार करायला लागले, त्याला आता तीस वर्षं होत आली. अंगावरून वारं गेलेली म्हातारी माणसं, मणका मोडलेले तरुण, मान न धरणारी लेकरं, मळणीयंत्रात बोटं गेलेले मजूर. बहुतेक घरांत पहिल्या दिवशी दिसलं ते सारखंच. आजारी माणूस खाटेवर आणि सगळं घर त्याच्या सेवेत. कोणी भरवतंय, कोणी अंग पुसतंय, कोणी नुसतं पाय चेपत बसलंय. आमच्या मराठवाड्यात जीव लावायची हीच रीत. मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते याच मायेशी. ज्याच्याकडून सगळं काम काढून घेतलं, त्याचा हात कशासाठी बरा होईल?

कामातून माणूस बरा करायची ही विद्या महाराष्ट्रात रुजवली ती कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये या क्षेत्राचा जागतिक महासंघ झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. नागपूरला शिक्षण सुरू झालं १९५८ मध्ये. मी तिथली विद्यार्थिनी. पण मुंबई-नागपूरच्या वॉर्डांतून हे ज्ञान मांजरा-गोदावरीकाठच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत यायला फार काळ गेला.

त्याची निकड आमच्या भागाला कळली ती भूकंपानं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. वाचलेल्यांत मणक्याला मार लागलेले, हातपाय चिरडलेले होते. लातूरच्या विवेकानंद रुग्णालयासारख्या ठिकाणी डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. पण टाके निघाल्यावर माणूस घरी जायचा, आणि घर म्हणजे तेव्हा पत्र्याची शेड.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसली. त्या वसाहतींत मी फिरू लागले तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. रस्ते सरळ आणि रुंद, चाकाच्या खुर्चीला सोयीचे. दाराशी मात्र उंच पायऱ्या. खुर्ची आपली आपण चढवायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. एका तरुणाच्या भावांनी मुरूम टाकून, चोपून तेवढा उतार केला. तो मग रोज स्वतः बाहेर येऊ लागला आणि ओसरीवर त्यानं किराणा मांडला. त्याला बसल्याजागी जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं हातांवर भार देऊन अंग उचलायला शिकवलं होतं. दुकानात वरच्या फळीवरची बरणी काढताना ते आपोआप होई. जिवंत राहायला लागणारा व्यायाम धंद्यातच मिसळून गेला.

लकव्याच्या बाबतीत पहिले तीन-चार महिने सोन्याचे असतात. आणि तेच महिने आमच्याकडे झाडपाल्याच्या औषधासाठी गावोगाव फिरण्यात जातात, नाहीतर निव्वळ झोपून. घरचे उठवताना लुळा हात धरून ओढतात. त्यानं खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि दुखणं मागं लागतं. किती घरांत सांगितलं असेल, हात ओढू नका, कमरेला धरा.

औसा तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट सांगते. उजवं अंग गेलेलं. दवाखान्यानं रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो त्यांनी नातवाला खेळायला देऊन टाकला. मी विचारलं, आज्जी, काय करावं वाटतंय? म्हणाल्या, "भाकर." सून घाबरली. "मॅडम, आत्याबाईला काम लावलं तर गाव काय म्हणल?" तिची समजूत घालण्यातच बरेच दिवस गेले.

मग सुरू केलं. आजी खुर्चीत, समोर चौरंग, चौरंगावर परात. परातीखाली ओलं फडकं, म्हणजे एका हातानं मळताना परात सरकत नाही. आधणाचं पाणी घातलेलं ज्वारीचं पीठ कोमट झालं की लुळा पंजा त्यावर ठेवायचा आणि चांगल्या हातानं वरून दाबायचं. उबेनं आखडलेली बोटं सैल होतात, कोपरा-खांद्यातून भार जातो, आणि मेंदूला त्या बाजूची आठवण राहते. तवा मात्र सुनेकडेच ठेवला. ज्या हाताला चटका कळत नाही तो चुलीजवळ नेऊ नये. भाकरी फाटत, कडेला चिरत. पावसाळा गेला. तुरीला शेंगा धरल्या तशा त्या सोलायला दिल्या, संध्याकाळी देवाच्या वाती वळायला. चिमटीच्या व्यायामाला याहून चांगलं साधन मला कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडलेलं नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात भज्जी आणि आंबील न्यायची तर त्या भज्जीच्या शेंगा आजींनीच सोलल्या होत्या, आणि हे सून शेजारणींना सांगत होती.

लातूर परिसरात सोयाबीन वाढलं तशी मळणीच्या हंगामात हात गेलेली माणसं जास्त भेटू लागली. बहुतेक मजूर, बहुतेक तरुण. उरलेल्या बोटांत विळा धरता यावा म्हणून मुठीला सुतळी आणि जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून देत असू. त्यातला एखादा पुन्हा शेतात दिसला की मला आजही भरून येतं.

२०१६ चा उन्हाळा वेगळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर घेऊन. टाक्यांभोवती जमावबंदी होती. त्या दिवसांत आंघोळीचा सराव कोणाला सांगणार? घरची सगळी बाया-माणसं घागरी घेऊन रांगेत, आणि आजारी माणूस एकटा. गंमत नव्हे, पण त्या टंचाईनं काही रुग्णांना हलवलं. पाजायला कोणी नाही म्हणून एका मामांनी तांब्या स्वतः उचलला. सांभाळणाऱ्या बायकांच्या कमरा मात्र त्याच उन्हाळ्यात कामातून गेल्या. रुग्णाच्या बरोबरीनं त्यांची काळजी घ्यायची, हे मी तेव्हापासून कटाक्षानं पाळते.

२०१४ नंतर गावोगाव संडास झाले. बायांची मोठी अडचण दूर झाली, हे मनापासून सांगते. पण खोली एवढीशी, दार आत उघडणारं, बैठक उकिडवी. दार बाहेर उघडेल असं फिरवायचं, भिंतीत गावच्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप बसवायचा, प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडायचं. थोड्या खर्चात माणसाची लाज राखली जाते. २०२० च्या टाळेबंदीत तर नातवंडं मोबाइल धरून मला घर दाखवत होती, आणि मी इकडून सांगत होते, बाळा, जरा न्हाणीकडं ने.

आज नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आमच्यासारख्या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला. पण रुग्णाला सुटी देताना जो कागद मिळतो त्यावर औषधं असतात, घराविषयी ओळ नसते. उंबरा किती उंच, न्हाणीचं दार किती रुंद, पाणी कुठून येतं, दिवसा घरी कोण असतं, आणि आजारापूर्वी या माणसाकडे घरातलं कोणतं काम होतं, एवढं विचारायला दहा मिनिटं पुरतात. ते सुटीच्या कागदावर यायला हवं.

सध्या उदगीरची एक मुलगी माझ्याबरोबर शिकायला फिरते. हेच प्रश्न ती वहीत उतरवून घेते. लोह्याजवळच्या एका मामांनी शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिलं, "बैल बांधणं-सोडणं." त्यांचा डावा हात अजून उचलत नाही. दाव्याची गाठ एका हातानं कशी मारायची, ते आम्ही दोघी आधी आमच्या खिडकीच्या गजाला दावं बांधून करून बघतो आहोत. सोमवारी त्यांच्या गोठ्यात जायचं आहे.